फर्स्ट फ्लाइट कव्हरवरची (पहिल्या उड्डाणाच्या लिफाफ्यांवरची) टपाल तिकिटं काढून ठेवायची का? मामाआजोबांची पेटी मिळालीये, मदत हवी

इंदिरानगर_नाशिक

नमस्कार मंडळी. आईच्या मामांचं नाशिकरोडचं घर आवरताना माळ्यावर पत्र्याची एक पेटी निघाली. मामाआजोबा प्रेसमध्ये होते, म्हणजे टपाल तिकिटं छापणारा सिक्युरिटी प्रेस, नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं तरी कळतं. त्यांना तिकिटांचा नाद होता एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं पण पेटीत सुटी तिकिटं जवळजवळ नाहीतच, सगळे लिफाफे आहेत आणि तेही विमानाचे. बऱ्याच लिफाफ्यांवर विमानाचं चित्र असलेला मोठा शिक्का आहे, फर्स्ट फ्लाइट असं छापलंय, पत्ता कधी मामाआजोबांचाच तर कधी जिनिव्हा लंडन वगैरे, आणि आत पत्र नाहीच, एखाद्यात कोरा कागद घातलेला आहे.

मी गावातल्या एका डीलरला चार-पाच नग दाखवले. ते म्हणाले लिफाफे मळलेत, मागे शिक्क्यांनी खराब झालेत, तिकिटं पाण्यात सोडवून आणा मग भाव बोलू. मला ते काही पटलं नाही म्हणून इथे विचारतेय. १) तिकिटं काढायची की लिफाफे आहेत तसेच ठेवायचे? २) लावायचे कसे, तारखेने, एअरलाइनप्रमाणे की देशाप्रमाणे? ३) पावसाळा तोंडावर आलाय आणि पेटीला आतून गंज आहे, तोवर काय करू? विकायचा विचार सध्या तरी नाही, मला यातलं काहीच कळत नाही पण हे नीट समजून घ्यायचंय.

गोदाकाठ

ताई, आधी एकच सांगतो, पाण्याची वाटी लांब ठेवा. एकही तिकीट सोडवू नका, कात्रीसुद्धा लावू नका. लिफाफा मागून शिक्क्यांनी खराब झालाय असं जे तुम्हाला सांगितलं ना, तो मागचा शिक्काच या छंदातली खरी गोष्ट आहे.

नवीन मार्गावर पहिलं विमान जायचं तेव्हा टपाल खातं किंवा एअरलाइन खास शिक्का बनवायची, त्याला आम्ही कॅशे म्हणतो. हौशी लोक स्वतःच्याच नावाचे लिफाफे त्या विमानाने पाठवायचे, पलीकडच्या पोस्टात पोहोचल्याचा शिक्का बसायचा आणि लिफाफा परत घरी यायचा. म्हणून आत पत्र नसतं. पुढचा शिक्का सांगतो की लिफाफा कधी निघाला, मागचा सांगतो की तो खरोखर पोहोचला. दोन्ही तारखा जुळल्या तर तो उडालेला लिफाफा. तिकीट सोडवलंत की हातात उरतं एक वापरलेलं तिकीट, जे बहुतेक वेळा बाजारात ढिगाने मिळतं, आणि प्रवासाचा पुरावा गेला तो गेलाच.

तुम्ही जिनिव्हा लिहिलंय म्हणून लगेच मनात आलं ते सांगतो. १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, ८ जूनला. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नाव मलबार प्रिन्सेस. त्यासाठी १२ आण्याचं तिकीट काढलं होतं आणि ते आपल्या नाशिकच्या प्रेसमध्येच छापलेलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आलेली गांधीजींची तिकिटं स्वित्झर्लंडमध्ये छापून आणली होती, हे विमानाचं मात्र आपल्याकडचं. आता गंमत बघा, तिकिटावरच ८ जून १९४८ छापलेलं आहे पण तिकीट विक्रीला आलं २९ मे ला. त्यामुळे २९ मे चा शिक्का असलेला लिफाफा पहिल्या दिवसाचा, म्हणजे एफडीसी, त्याचा विमानाशी संबंध असेलच असं नाही. ८ जूनचा शिक्का आणि मागे जिनिव्हा किंवा लंडनचा त्याच आठवड्यातला शिक्का असेल तर तो पहिल्या उड्डाणाचा. विकणारे दोन्ही फर्स्ट फ्लाइट म्हणूनच विकतात, तिकिटावरची तारीख दाखवतात आणि नवखा माणूस पैसे मोजून येतो. मला याचा फार राग येतो, कारण लिफाफा उलटा करून बघायला असा कितीसा वेळ लागतो.

तुमचे तपासून सांगा कुठल्या तारखेचे आहेत.

निवृत्त_सॉर्टर

मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होतो, आता देवळालीला असतो. गोदाकाठ यांनी बरोबर सांगितलंय, थोडी भर घालतो.

शिक्का वाचायला शिका. घाईघाईने नुसतं साल बघू नका. गावाचं नाव, तारीख, महिना, आणि बऱ्याच शिक्क्यांत वेळही असते. विमान किती वाजता सुटलं हे माहीत असेल आणि शिक्का त्यानंतरच्या वेळेचा असेल तर विचार करायला जागा आहे. मागचा शिक्का पुसट असला तर घाबरू नका, पोहोचलेली टपाल घाईत मारली जायची, शाई कमी असायची, गठ्ठ्यात वरचा लिफाफा खालच्याला शाई लावायचा. उलट जुन्या लिफाफ्यावर सगळे शिक्के अगदी काळेभोर, सरळ, स्वच्छ आणि एकाच शाईचे दिसले की मला शंका येते. हौशी लोक काउंटरवर विनंती करून नीट शिक्का मारून घ्यायचे हे खरं आहे, पण मुंबई आणि जिनिव्हा दोन्हीकडची शाई हुबेहूब सारखी कशी येईल?

दुसरं म्हणजे टपाल दर. त्या काळी विमानाचा जादा आकार वजनावर असायचा. लिफाफ्यावर किती आण्यांची तिकिटं आहेत ते लिहून ठेवा, दर जुळतो का ते नंतर जाणकार बघतील. तिकीट सोडवलं की हा हिशोबही गेला.

पावसाळ्याचं म्हणाल तर पत्र्याच्या पेटीतून आजच काढा. गंजाचा डाग कागदावर गेला की निघत नाही. टाचण्या किंवा स्टेपल असतील तर हळूच काढा, ओढू नका. सेलोटेप चिकटवलेली असेल तर तिला हातच लावू नका. उन्हात वाळवू नका, पंख्याखाली सावलीत एक दिवस पसरून ठेवा. मग एकेक लिफाफा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. रस्त्यावर मिळतात त्या मऊ वास येणाऱ्या पीव्हीसीच्या थैल्या नकोत, त्या काही वर्षांनी शाई ओढून घेतात. लॅमिनेशन तर अजिबात नाही, लोक प्रेमापोटी करतात आणि कायमचं वाटोळं होतं. पाकिटं एका घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. डांबरगोळ्या नकोत. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून नको, नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल येते ती तुम्हाला माहीतच आहे.

संत्रानगरी

नागपूरहून लिहितोय. पेटीत १९४९ चे देशातले लिफाफे असतील तर ते बाजूला काढा प्लीज, त्यांच्याकडे कोणी बघत नाही कारण दिसायला साधे असतात. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, मुंबई दिल्ली कलकत्ता मद्रास चारही बाजूंनी विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्री आमच्या सोनेगाव विमानतळावर भेटायची, पोती आणि प्रवासी अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. देशाचा मध्य म्हणून नागपूर आणि दुसरं काही कारण नाही, पण आमच्या गावाला त्याचा भारी अभिमान आहे.

आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशातली साधी पत्रंही जादा पैसे न घेता विमानाने जायला लागली. म्हणजे त्यानंतरच्या लिफाफ्यावर निळं एअरमेल लेबल नसलं, जादा तिकीट नसलं तरी तो विमानाने गेलेला असू शकतो, ओळखायचं फक्त दोन्हीकडच्या तारखांवरून. माझ्याकडे असे काही आहेत, धंद्याची पत्रं, सुपारीच्या व्यापाऱ्यांची, चित्र नाही शिक्का नाही काही नाही पण मला ते सजवलेल्या लिफाफ्यांपेक्षा जास्त आवडतात, कारण कोणीतरी खरंच काही कळवायचं म्हणून लिहिलेली आहेत.

इंदिरानगर_नाशिक

बापरे एवढी माहिती! काल रात्री सगळे काढून पसरले. १२ आण्याच्या तिकिटाचे दोन निघाले, एकावर २९ मे आणि दुसऱ्यावर ८ जून, आणि ८ जूनच्या मागे गोल शिक्का आहे, भिंगातून जिनिव्हा वाचता येतंय, तारीख ९ की १० ते नीट कळत नाही. डीलरने जे मळलेलं म्हणून बाजूला सारलं होतं ते हेच!!

अजून दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एकावर मागे पेन्सिलने बारीक अक्षरात मामाआजोबांनी काहीतरी लिहिलंय, नंबर आणि एक तारीख, ते खोडू का? आणि एक खूप जुना आहे, पंचम जॉर्जचं विमानवालं तिकीट, कराची-लंडन पहिलं उड्डाण असं हाताने लिहिलंय, शिक्का नीट लागत नाही पण एप्रिल १९२९ वाटतो. तो भारी असेल ना?

गोदाकाठ

८ जूनवाल्याचं अभिनंदन, फार आनंद झाला वाचून. कडेने धरा, मधे बोट लावू नका.

पेन्सिल अजिबात खोडू नका. ती संग्राहकाची नोंद असते, कधी कोणाकडून मिळाला याची, आणि तुमच्या बाबतीत तर ते घरच्या माणसाचं अक्षर आहे. फक्त नवीन काही त्यावर लिहू नका, तुमची माहिती वेगळ्या कार्डावर लिहून मागे ठेवा.

कराचीवाल्याबद्दल मात्र सांभाळून. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची लंडन ते कराची टपाल ३० मार्च १९२९ ला निघाली आणि इकडून परतीची ७ एप्रिलला, इथपर्यंत ठीक. पण पंचम जॉर्ज आणि विमान असलेली ती सहा तिकिटं, २ आण्यापासून १२ आण्यांपर्यंतची, ज्यावर डी हॅविलंड हर्क्युलस विमान दिसतं, ती आली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, आणि तीही छापली नाशिकच्या प्रेसमध्ये. मग एप्रिलच्या पहिल्या उड्डाणावर ती कशी चिकटतील? एकतर शिक्का एप्रिलचा नाही, किंवा नंतर कोणीतरी हौसेने पहिलं उड्डाण असं लिहून टाकलं. साधा १९२९-३० चा कराचीमार्गे विमानाने गेलेला लिफाफा असला तरी तो वाईट नाही हं, ठेवण्यासारखाच आहे, फक्त त्याला पहिल्या उड्डाणाचा म्हणू नका. महिना पुन्हा बघा, तिरप्या उजेडात मोबाइलने मोठा फोटो काढा म्हणजे अक्षरं उठतात.

असंच आणखी एक ध्यानात ठेवा, पुढेमागे कोणी तुम्हाला १९११ चा अलाहाबादचा दाखवेल. १८ फेब्रुवारी १९११ ला आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नदीपलीकडे नैनीला सहा हजारांवर पत्रं नेली, जेमतेम १० किलोमीटर, तेरा-एक मिनिटांत, जगातली पहिली अधिकृत हवाई टपाल. त्याचा शिक्का किरमिजी रंगाचा आहे आणि खोटे भरपूर फिरतात. जाणकाराला दाखवल्याशिवाय त्याला हात घालायचा नाही.

मार्गस्थ

लावायच्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून लिहितोय. एअरलाइनप्रमाणे लावू नका, माझं स्पष्ट मत. १९५३ ला सगळ्या देशी कंपन्या सरकारी झाल्या, नावं बदलली, तुमचा अल्बम मधेच तुटेल. मार्गाप्रमाणे लावा आणि मार्गाच्या आत तारखेने. म्हणजे आधी कराची-मुंबई-मद्रास, त्यात १५ ऑक्टोबर १९३२ चं टाटांचं उड्डाण, जेआरडींनी स्वतः पुस मॉथ या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणली आणि पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेव्हिल व्हिन्सेंट घेऊन गेले. मग मुंबई-लंडन १९४८, मग १४ मे १९६० चं बोइंग ७०७ चं न्यूयॉर्क. अशाने एकाच मार्गावर विमानं कशी बदलली, दिवसांचे तास कसे झाले, हे आपोआप दिसतं आणि रिकाम्या जागा कुठे आहेत तेही कळतं.

पण तुमच्याकडे एक वेगळी वाट आहे जी आमच्यापैकी कोणाकडे नाही. मामाआजोबा प्रेसमधले. मी तुमच्या जागी असतो तर फक्त नाशिकला छापलेल्या विमानाच्या तिकिटांचा संग्रह लावला असता. १९२९ ची सहा, १९३७ च्या मालिकेतलं १२ आण्याचं टपाल विमान (त्या मालिकेत हरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, रेल्वे, बोट, लॉरी सगळे आहेत आणि शेवटी विमान), १९४८ चं, मग १९६१ ला हवाई टपालीच्या पन्नाशीची तीन, आणि १९८२ चं, जेव्हा जेआरडींनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी १९३२ चं तेच उड्डाण पुन्हा केलं. प्रत्येकाबरोबर त्या तिकिटाने खरंच उडालेला एक लिफाफा. १९११ चा यात बसतच नाही कारण तेव्हा प्रेस नव्हता, १९२५ चा आहे तो, आधीची तिकिटं लंडनहून यायची. प्रदर्शनात असा विषय मी तरी अजून पाहिलेला नाही.

निवृत्त_सॉर्टर

कल्पना उत्तम आहे. ताई, पेटीत १९६१ च्या लिफाफ्यांचा शिक्का नाशिकरोडचा आहे का तेवढं बघा. स्थानिक शिक्का असेल तर तो सुरुवातीच्या पानावर घ्या.

इंदिरानगर_नाशिक

आहे! दोन आहेत नाशिकरोडच्या शिक्क्याचे, तारीख १८ फेब्रुवारी १९६१. आणि कराचीवाल्याचा महिना भिंगाखाली नोव्हेंबर निघाला, गोदाकाठ काका तुमचं बरोबर होतं. पॉलिएस्टरची पाकिटं मेनरोडला विचारली, मिळाली नाहीत, ऑनलाइन मागवलीयेत. मोठ्या लिफाफ्यांना कुठला साइज घ्यायचा?

गोदाकाठ

सगळ्यात मोठा लिफाफा मोजा आणि दोन्ही बाजूंनी अर्धा सेंटीमीटर जास्त घ्या. घट्ट पाकिटात सरकवताना कोपरे दुमडतात. आणि नोव्हेंबरवाल्याचा मागचा फोटो टाका इथे, लंडनला कधी पोहोचला ते बघू.