व्हिमवर जायचंय पण हात ऐकत नाहीत

मंडळी, कोड लिहायला आठ वर्षं एकच एडिटर वापरतोय, पण लॅपटॉप 8 जीबीचा, दोन प्रोजेक्ट उघडले की पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, म्हणून व्हिम हा टर्मिनलमध्ये चालणारा हलका एडिटर टाकला. पहिल्याच दिवशी बाहेर कसं पडायचं तेच कळेना, शेवटी टर्मिनलच बंद केलं. आणि बाणांच्या कळा असताना कर्सर हलवायला एच जे के एल कशाला? ऑफिसचं काम सांभाळून कसं शिकलात?

रातकिडा: सगळे तिथेच अडकतात हो. एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. सेव्ह न केलेलं मात्र जाईल. एच जे के एलचं म्हणाल तर बिल जॉयने 1976 च्या सुमारास व्हीआय, म्हणजे व्हिमचा पूर्वज, लिहिलं ते एडीएम-3ए टर्मिनलवर (तेव्हाचं स्क्रीन-कीबोर्डचं यंत्र), त्यात बाण ह्याच चार कळांवर छापलेले होते.

अर्धविराम: व्हिमट्यूटर (व्हिमसोबतच येणारा सरावाचा धडा) चालवा, अर्ध्या तासाचं काम. आणि दुसऱ्याची कॉन्फिग फाइल (सेटिंगची फाइल) उचलू नका, मी उचलली होती, दोन दिवस कुठली कळ काय करते तेच शोधत बसलो. कर्सर अवतरणात ठेवून सी, आय, अवतरणचिन्ह दाबून बघा, आतला मजकूर उडतो आणि लगेच टाइप करता येतं. मी तर ह्यावरच फिदा झालो.

चहाबाज: मी जुन्याच एडिटरमध्ये व्हिमच्या कळांचं एक्स्टेन्शन टाकलं, महिनाभराने पूर्ण हललो. एक लक्षात ठेवा, कोडमधली कमेंट मराठीत लिहून कीबोर्ड देवनागरीतच राहिला की एकही कमांड चालत नाही, आणि आपण उगाच व्हिमला शिव्या घालतो.

मूळ प्रश्नकर्ता: अरे देवा, काल हेच झालं होतं माझं!