माहिती सुरक्षेचं रिस्क असेसमेंट: चारशे ओळींच्या एक्सेलमध्ये अडकलेय, सल्ला हवा

कोरी_वही
नमस्कार मंडळी. दीडशे माणसांच्या आमच्या कंपनीत रिस्क असेसमेंटचं, म्हणजे कुठल्या जोखमी आहेत आणि किती गंभीर ते ठरवायचं, काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. मी आयटी सपोर्टमधली, सर्व्हर-फायरवॉल कळतात. तीन आठवडे खपून मालमत्तांची चारशे ओळींची यादी केली, अगदी प्रत्येक लॅपटॉप आणि स्विच धरून. पुढे प्रत्येक ओळीला धोका घडण्याची शक्यता आणि त्याचा परिणाम, दोन्हींना १ ते ५ गुण देऊन गुणाकार केला. आता निम्म्याहून जास्त ओळींत ३ गुणिले ३, म्हणजे ९ आलेत. साहेबांनी विचारलं, "यातलं आधी काय करायचं?" मला सांगता आलं नाही. पद्धत एनआयएसटीची (अमेरिकेची मानकसंस्था) वापरू की आयएसओची (आंतरराष्ट्रीय मानकसंस्था)? की एखादं सॉफ्टवेअर विकत घेऊ?

चौकस
एनआयएसटीचं ८००-३० हे रिस्क असेसमेंटचं मार्गदर्शक (२०१२ची आवृत्ती) फुकट मिळतं. त्याच्या परिशिष्टांतले धोक्यांचे तक्ते नवख्याला फार उपयोगी पडतात. आयएसओ २७००५, म्हणजे त्यांचं जोखमीवरचं मार्गदर्शक, विकत घ्यावं लागतं. २७००१चं, म्हणजे माहिती सुरक्षेच्या मुख्य मानकाचं, प्रमाणपत्र हवं असलं तरी ते मानक अमुकच पद्धत वापरा म्हणत नाही. निकष आधी लिहून ठेवा आणि पुन्हा केलं तर निकाल ताडून बघता यावेत, एवढी त्याची अपेक्षा. सॉफ्टवेअर आत्ता नको.

जुनी_जाणती
पद्धतीचं नंतर बघू. आधी ती यादी बाजूला ठेवा. २७००५च्या २०२२च्या आवृत्तीत दोन वाटा दिल्यात, मालमत्तेवरून जायची आणि घटनेवरून, म्हणजे काय वाईट घडू शकतं तिथून सुरू करून, जायची. तुम्ही दुसरीने जा. त्यासाठी काम करणाऱ्या माणसाशेजारी जाऊन बसावं लागतं.

मी एकदा पगार काढणाऱ्या बाईंशेजारी दिवसभर बसले होते. पगाराची फाईल बँकेच्या पोर्टलवर चढवण्याआधी दोन दिवस एका शेअर्ड फोल्डरमध्ये पडून असायची, आणि त्या फोल्डरमध्ये बदल करायची परवानगी सगळ्या ऑफिसला होती. आमच्या मालमत्तांच्या यादीत सर्व्हर होता, पण ही फाईल कुठेच नव्हती. मग आम्ही जोखीम एका वाक्यात लिहिली: "आतल्या कोणीही किंवा चोरलेल्या लॉगिनने फाईलमधले खाते क्रमांक बदलले, तर पगार भलत्याच खात्यांत जातील आणि चढवेपर्यंत कुणाच्या लक्षात येणार नाही." हे वाक्य वाचून साहेबांना आकडा विचारावाच लागला नाही. परवानगी त्याच दिवशी काढली.

गुणाकारावर विसंबू नका. १ गुणिले ५ आणि ५ गुणिले १, दोन्ही ५च. पण एकात कंपनी बुडते आणि दुसऱ्यात रोजची किरकिर असते. आकड्यांना अर्थ द्या: शक्यता ५ म्हणजे वर्षातून अनेकदा, परिणाम ५ म्हणजे काम किती दिवस ठप्प, नुकसान किती. हे अर्थ त्या-त्या विभागाच्या प्रमुखाकडून ठरवून घ्या.

कोरी_वही
हे पटलं. पण शक्यता कशावरून धरू? आमच्याकडे तर आजवर काही घडलेलंच नाही.

बॅकअपवाला
घडलं नाही की कळलं नाही? हेल्पडेस्कची वर्षभराची तिकिटं चाळा. फिशिंगच्या लिंकवर क्लिक, हरवलेले लॅपटॉप, चुकीच्या पत्त्यावर गेलेले मेल, सगळं तिथे सापडतं. व्हल्नरेबिलिटीसाठी (सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींसाठी) सीव्हीएसएस या गुणांकन पद्धतीचा स्कोअर हाच धोका समजू नका, तो फक्त गांभीर्य सांगतो. अमेरिकेच्या सीआयएसए या सायबर सुरक्षा संस्थेची केईव्ही यादी बघा, हल्ल्यांत प्रत्यक्षात वापरल्या गेलेल्याच त्रुटी त्यात असतात. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) मे २०१७मध्ये पसरलं तेव्हा त्याने वापरलेल्या त्रुटीवरचा मायक्रोसॉफ्टचा पॅच (दुरुस्ती) येऊन दोन महिने होत आले होते. म्हणून "पॅच आलाय" इथे थांबू नका, आपल्या किती मशीनवर बसला ते मोजा.

आणि बॅकअप "आहे" असं लिहून पुढे जाऊ नका, रिस्टोअर करून बघा. मी पाहिलेल्या एका ठिकाणी बॅकअप सर्व्हर त्याच डोमेन अ‍ॅडमिनच्या लॉगिनवर (बाकी सगळं नेटवर्क ज्यावरून चालतं त्या सर्वाधिकारी खात्यावर) होता. रॅन्समवेअरच्या हाती ते लॉगिन लागलं आणि मूळ डेटाबरोबर बॅकअपही गेला.

जुनी_जाणती
एक राहिलं. प्रत्येक जोखमीला मालक हवा, आणि तो आयटी नव्हे. पगाराच्या जोखमीचा मालक लेखाप्रमुख. उपायांच्या आराखड्याला मान्यता आणि उरलेली जोखीम स्वीकारल्याची सही त्याची. २७००१लाही तेच हवं असतं. सही मागितली की माणूस वाक्य नीट वाचतो.

कोरी_वही
सोमवारी लेखा विभागात बसायची वेळ घेतलीय. कंत्राटदारांच्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायच्या) खात्यांची यादीही काढली. काम संपून गेलेल्या दोघांची खाती अजून चालू आहेत. ती आज बंद करते आणि जोखमीचं पहिलं वाक्य त्यावरूनच लिहिते. मालक म्हणून कंत्राटं बघणाऱ्या प्रमुखांचं नाव टाकू ना?

जुनी_जाणती
हो, त्यांचंच. पण बंद करण्याआधी लॉग (लॉगिनच्या नोंदी) काढून ठेवा, काम संपल्यानंतर त्या खात्यांतून कोणी आत आलं होतं का ते बघायला लागेल.