मदत हवी आहे: पी०३०२ आणि पी०४२० हे इंजिनचे कोड एकत्र. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बदलू की आधी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) बघू?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, १ लाख १८ हजार किमी झालेली. त्यातले निम्म्याहून जास्त सीएनजीवर, किट बाहेरून बसवलेलं. दोन महिने झाले, सिग्नलला उभी असताना मिसिंग मारते (सिलिंडर मधूनच पेटत नाही). नळस्टॉपला तर अशी थरथरते की आरशात मागची एक रिक्षा दोन दिसते. २००० आरपीएमच्या वर गेली की शहाण्यासारखी चालते. परवा स्वारगेटच्या गर्दीत चेक इंजिनचा दिवा चक्क लुकलुकायला लागला, तेव्हा घाबरून बाजूला घेतली.

ब्लूटूथ स्कॅनर लावला. पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, आणि पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नाही. पी०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडल्याचा कोड, नाही.

गॅरेजवाले काका म्हणतात, "कॅट गेलाय साहेब, बदलून टाका." (काकांचा हात चांगला आहे, पण गिऱ्हाइकाच्या हातात स्कॅनर दिसला की बिनसतं.) मला हे उलटं वाटतं. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं, त्याने कॅट भाजून निघतो. मिसिंग तसंच ठेवून नवा बसवला तर त्याचंही तेच होणार. पीयूसीलाही सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्क्यांच्या आत आहे, पण एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमची मर्यादा ओलांडून ४१० वर गेलाय. पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, दुसरं काय?

नाना पेठेतून चारही प्लग नवे आणले, फरक शून्य. दुसऱ्या-तिसऱ्याची कॉइल अदलाबदल केली, कोड दुसऱ्यावरच राहिला. सीएनजीवरही तसंच मिसिंग, म्हणजे पेट्रोलचा इंजेक्टरही सुटला.

राहता राहिलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. सीएनजीवर व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेट टाइट होतात (फट उरत नाही), व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, असं ऐकून आहे. माझ्या इंजिनात हायड्रॉलिक (फट आपोआप जुळवणारे) टॅपेट नाहीत आणि सेटिंग कधी केल्याचं आठवत नाही.

भर, संध्याकाळी: दुसऱ्या गॅरेजात कॉम्प्रेशन काढलं. १, ३, ४ मध्ये १७० पीएसआयच्या आसपास, दुसऱ्यात ११५. चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं तर ११८. पिस्टनच्या रिंग गळत असत्या तर ऑइलने दाब बराच वाढला असता. म्हणजे रिंग नाहीत, व्हॉल्व्हच ना? टॅपेट सेट करून भागलंय का कुणाचं, की थेट हेड उतरवायची तयारी ठेवू?