शमा म्हणजे एकच ओळ नव्हे

कोणीतरी म्हटलंय की ‘शमा इस्राएल’ ही ज्यूंची एका ओळीची प्रार्थना आहे, कधीही म्हटली तरी चालते. दोन्ही अर्धवट. पहिली ओळ गाभा खरी, पण पूर्ण शमात तोराहतले (ज्यूंच्या धर्मग्रंथातले) ‘अनुवाद’ आणि ‘गणना’ या पुस्तकांचे तीन उतारे येतात: अनुवाद ६:४-९, अनुवाद ११:१३-२१ आणि गणना १५:३७-४१. पहिल्या ओळीनंतर जोडलेली ‘बारुख शेम’ ही स्तुतीची ओळ धरून मिळून २४५ शब्द. सामूहिक प्रार्थनेत हज्जान (प्रार्थना चालवणारा) शेवटचे दोन शब्द आणि पुढच्या आशीर्वादाचा पहिला शब्द ‘एमेत’ असे तीन शब्द पुन्हा म्हणून २४८ करतो.

सकाळच्या शमाला मुदत असते, दिवसाच्या पहिल्या चतुर्थांशाची. इथला ‘तास’ म्हणजे दिवसाचा बारावा भाग. हिवाळ्यात १० तासांचा दिवस असेल तर तो ५० मिनिटांचा, म्हणजे सूर्योदयापासून अडीच तासांत उरकायचं. (काही जण पहाटेपासून मोजतात, मग मुदत आणखी आधी संपते.)

पहिल्या ओळीला उजव्या हाताने डोळे झाकतात. लगेच येणारी ‘बारुख शेम’ ओळ कुजबुजत. योम किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या दिवशी) मात्र मोठ्याने.

चुका होतात त्या उच्चारात आणि लिहिण्यात. पहिल्या ओळीच्या शेवटच्या ‘एखाद’ (एक) या शब्दातलं शेवटचं अक्षर दालेत (‘द’) नीट हवं, लिहिताना तो रेश (‘र’) या अक्षरासारखा झाला तर ‘एक’चा ‘दुसरा’ होतो, म्हणून तोराहच्या गुंडाळीत तो मोठा काढतात. ‘तिझ्केरू’ (आठवाल) घाईत ‘तिस्केरू’ झालं की अर्थ ‘मोबदला मिळवाल’ असा होतो. ‘बखोल लवावखा’ (पूर्ण मनाने) यामधले दोन ‘ल’ही चिकटवायचे नाहीत.

आणि हो, कोकणातले बेने इस्राएली ज्यू, आपले शनवार तेली, हिब्रू विसरले तरी शमा विसरले नव्हते, असं त्यांची परंपरा सांगते.