मदत हवी आहे: && आणि || एका ओळीत लिहिलं की प्रत होऊनही 'फसली' येतं

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही माझ्याच गळ्यात आहेत. मशीनवर उबुंटू आहे. पाळी संपली की त्या दिवसाच्या उत्पादनाची फाइल दुसऱ्या डिस्कवर जावी म्हणून बॅश स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहिली आहे. (मोबाईलवरून टंकतोय, कमांडही देवनागरीतच आहेत, समजून घ्या.)

सीपी आज.सीएसव्ही /बॅकअप/ && ./कळव "प्रत झाली" || इको "प्रत फसली" >> चुका.लॉग

सीपी प्रत करते, इको मजकूर लिहितो, आणि 'कळव' ही मालकांना मेल पाठवणारी छोटी स्क्रिप्ट. अधूनमधून लॉगमध्ये 'प्रत फसली' येतं, आणि डिस्कवर बघावं तर प्रत तिथेच, साइजही बरोबर! मालक विचारतात, "प्रत हाय का नाय, एकदाच काय ते सांगा की ओ." हे इफ-एल्ससारखंच चालतं ना?

दुसरं म्हणजे ही ओळ:

[ $नग > ५०० ] && इको "टार्गेट झालं"

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत माग बंद, नग ०, तरी 'टार्गेट झालं'. वर फोल्डरमध्ये '५००' नावाची रिकामी फाइल. ती कुठून आली?

प्रतिसाद १
नाही दादा, इफ-एल्ससारखं नाही चालत. शेलमध्ये (बॅशसारख्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) && आणि || यांचा मान सारखाच, डावीकडून उजवीकडे जातात. पहिला आधीचं जमलं तर पुढचं चालवतो, दुसरा आधीचं फसलं तर. सी भाषेत && आधी धरतात, इथे तसं नाही. || फक्त एवढंच बघतं की आधी जी कमांड शेवटी चालली तिचा एक्झिट कोड काय आला. ० म्हणजे जमलं, बाकी काहीही म्हणजे फसलं. तुमची सीपी जमली, पण त्या वेळी नेट गेलेलं असेल तर 'कळव' फसली. मग || ला वाव मिळाला. सरळ इफ लिहा:

इफ सीपी आज.सीएसव्ही /बॅकअप/; देन
./कळव "प्रत झाली"
एल्स
इको "प्रत फसली" >> चुका.लॉग
फाय

ओळी वाढतील, वाढू द्या. एका ओळीत सगळं कोंबायची हौस बॅकअपच्या कामात नको.

प्रतिसाद २
ती फाइल तुमच्या > नेच केली. एकेरी कंसात > म्हणजे 'पेक्षा मोठा' नव्हे, आउटपुट फाइलमध्ये वळवणं. कंसात उरला नुसता '०', आणि रिकामी नसलेली कुठलीही अक्षरं त्याला खरीच वाटतात. आकड्यांसाठी -जीटी ('पेक्षा मोठा') वापरा, नाहीतर (( नग > ५०० )) लिहा. दुहेरी चौकोनी कंसात जाऊ नका, तिथे > अक्षरांच्या क्रमाने तुलना करतो, म्हणजे ९० हे ५०० पेक्षा मोठं ठरतं.

प्रश्नकर्ता
नेटच होतं! लॉगच्या वेळा आणि राउटर बंद पडल्याच्या वेळा जुळल्या. इफ लावलंय. ती '५००' फाइल उडवू का?

प्रतिसाद २
खुशाल उडवा. पण > च्या पुढे आकड्याऐवजी एखादं व्हेरिएबल कुठे लिहिलंय का, तेवढं बघा. त्यात चुकून खऱ्या फाइलचं नाव असेल तर ती फाइल तिथल्या तिथे रिकामी होते, विचारत पण नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट -ओ नोक्लॉबर टाकलं की असलेल्या फाइलवर > चालत नाही. >> मात्र चालतं (ते फाइलच्या शेवटी भर घालतं), त्यामुळे तुमच्या लॉगला धक्का नाही.