मुतखड्याचा दोष विहिरीच्या पाण्याला द्यावा काय?

धागाकर्ता, गुहागर
वैशाखात आमच्या वाडीत कोणाला मुतखड्याची कळ आली की पहिला ठपका विहिरीवर येतो. मला तो अन्यायाचा वाटतो. कोकणातल्या जांभ्यातले क्षार पावसाने केव्हाच धुऊन गेलेले असल्यामुळे त्यातून झिरपणारे पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असते (खाडीकाठच्या मचूळ विहिरींची गोष्ट वेगळी). खडा धरतो तो लघवी घट्ट झाल्यामुळे. आंबे उतरवण्याच्या दिवसांत सकाळपासून झाडावर असलेला गडी घामावाटे जेवढे पाणी गमावतो, त्याच्या निम्मेही पीत नाही. इटलीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिलाच खडा झालेल्या १९९ रुग्णांवर पाच वर्षे लक्ष ठेवले होते. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी, इतके पाणी प्यायलेच पाहिजे.

प्रतिसाद, मालवण
विहिरीबद्दल सहमत आहे, मात्र सगळा भार पाण्यावर टाकणे मला पटत नाही. भरपूर पाणी पिऊनही मला दुसरा खडा झाला. तो तपासल्यावर यूरिक आम्लाचा निघाला आणि रोजच्या तारल्या व सुकटीचा विचार तेव्हा प्रथम करावा लागला. असा खडा लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने विरघळू शकतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा, म्हणजे सर्वांत जास्त आढळणारा खडा, तसा विरघळत नाही. खडा कशाचा आहे हे कळल्याशिवाय पथ्य सांगणे म्हणजे अंधारात काठी मारणे.

प्रतिसाद, राजापूर
आमच्या घरी तीन पिढ्या कुळथाच्या कढणाने खडे पडले आहेत. त्याबरोबर दूध बंद ठेवले की झाले. प्रत्येकाने शहरात जाऊन तपासण्या कशासाठी कराव्यात?

धागाकर्ता
दूध बंद करण्याला माझा ठाम विरोध आहे. आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते कमी केले तर अळूसारख्या भाजीतले ऑक्झलेट अधिक प्रमाणात लघवीत उतरते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, १२० पुरुषांवरच्या अभ्यासात कॅल्शियम नेहमीएवढे ठेवून मीठ आणि मांस कमी करणाऱ्यांना पुन्हा खडा होण्याचे प्रमाण, कॅल्शियम तोडणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे निम्मे होते. कुळथाचे म्हणाल तर पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआपच पडतात, त्यामुळे श्रेय कढणाला द्यायचे की त्यातल्या पाण्याला, हे ठरवता येत नाही. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, तर मात्र कढण उकळत बसू नये. तुंबलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला तर तो जिवावर बेततो.

प्रतिसाद, राजापूर
तापाचे मान्य आणि दुधाचेही आजपासून मान्य. कुळीथ मात्र मी सोडणार नाही, कारण त्या निमित्ताने तरी आमची माणसे तांब्याभर पातळ पदार्थ पोटात घेतात. पुढच्या वेळी लघवी फडक्यातून गाळून खडा जपून ठेवू आणि तपासणीला रत्नागिरीला पाठवू.