शब्दचर्चा: 'खुलासा', 'अफरातफर' आणि भ्रष्टाचाराच्या बातमीतले इतर घोटाळे

मुद्रितशोधक
'रस्त्यांच्या कामातील गैरव्यवहाराचा मोठा खुलासा' अशा धाटणीचे मथळे हल्ली रोज दिसतात. पूर्ण मजकूर वाचेपर्यंत कळत नाही की पालिकेने स्पष्टीकरण दिलंय, की कोणीतरी पालिकेचं बिंग फोडलंय. मराठीत 'खुलासा' म्हणजे नेमकं काय? आणि शोधपत्रकारिता जे करते त्याला आपला शब्द कोणता?

जुनी_टाचणी
शब्द मूळचा अरबी, तिथला अर्थ सार किंवा अर्क. हिंदीत तो 'गुपित उघड करणे' या अर्थाने स्थिरावला, मराठीत 'स्पष्टीकरण' या अर्थाने. वाहिन्यांनी हिंदी अर्थ उचलला, म्हणजे अर्थ अगदी उलटा झाला. मराठीत खुलासा करतो तो ज्याच्यावर आरोप आहे तो. 'सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा' हे वाक्य ज्या कर्मचाऱ्याच्या हातात पडलंय त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही!

एकाच प्रकरणात पहिल्या दिवशी गौप्यस्फोट होतो आणि दुसऱ्या दिवशी संबंधितांचा खुलासा छापून येतो. दोन्हींना एकच शब्द वापरला तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीला नाव काय देणार?

'गौप्यस्फोट'सुद्धा जपून वापरावा. जे खरोखर दडवलेलं होतं, त्याच्यासाठी तो राखून ठेवावा. कागद खात्याच्या संकेतस्थळावरच पडून होता आणि कोणी वाचला नव्हता, तर तो 'उघडकीस आणला' म्हणणं पुरे. 'चव्हाट्यावर आणणे', 'कुलंगडी बाहेर काढणे' अग्रलेखात शोभतात, बातमीत नाही. आणि पुढाऱ्याने सभेत पुराव्याविना केलेलं विधान हा नुसता आरोप असतो, गौप्यस्फोट नव्हे.

कोर्टबीट
त्याच रांगेतला दुसरा शब्द 'अफरातफर'. हिंदीत 'अफरातफरी' म्हणजे गोंधळ, पळापळ. मराठीत अफरातफर म्हणजे ताब्यातल्या पैशांत केलेली लबाडी. 'बँकेत अफरातफरी' अशी पट्टी फिरली तर ठेवीदार रांगा लावतील, आणि प्रत्यक्षात आत फक्त धक्काबुक्की झालेली असेल.

आता अफरातफर, अपहार, गैरव्यवहार, अनियमितता आणि घोटाळा हे शब्द कंटाळा येऊ नये म्हणून आलटून पालटून वापरले जातात. ते समानार्थी नाहीत. प्रत्येक शब्दाबरोबर सिद्ध करायची गोष्ट बदलते.

अनियमितता म्हणजे नियम मोडला, इतकंच. निविदेची मर्यादा चुकवायला एका कामाचे तुकडे पाडले, तर कार्यारंभ आदेशांच्या तारखा आणि रकमा शेजारी ठेवल्या की ती दिसते. पैसे कोणी खाल्ले हे त्यातून कळत नाही. गैरव्यवहार म्हटलं की हेतूकडे बोट जातं. अपहार म्हटला की मात्र तीन गोष्टी हातात लागतात: पैसा अमुक माणसाच्या ताब्यात दिलेला होता, तो ठरलेल्या कामाला लागला नाही, आणि तो अप्रामाणिकपणे वळवला गेला. लोकसेवकाने केलेला फौजदारी विश्वासघात पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ४०९ खाली येई, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(५) मध्ये आहे. लेखापरीक्षकाने 'वसूलपात्र' लिहिलेल्या रकमेला बातमीत 'अपहार' म्हटलं, की अब्रूनुकसानीच्या नोटिशीला आयतं निमंत्रण. लेखापरीक्षकाचाच शब्द अवतरणात ठेवला तर निदान ते ओझं त्याच्या खांद्यावर राहतं.

मुद्रितशोधक
मग 'इतक्या कोटींचा घोटाळा' यातले कोटी कुठून येतात?

कोर्टबीट
इथेच सगळ्यात जास्त पाणी मुरतं. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनक्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचा आकडा आला. त्या काळात खर्च सुमारे ७० हजार कोटी. मथळा झाला '७० हजार कोटींचा सिंचन घोटाळा'. पण तो एकूण खर्च होता. त्यातला गैरमार्गाने गेलेला भाग किती, हा निराळा प्रश्न, आणि तो सोडवायला प्रकल्पागणिक सुधारित अंदाजपत्रकं तपासावी लागतात. २जी स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल लहरींच्या वाटपाच्या प्रकरणात कॅगच्या २०१० च्या अहवालातला १.७६ लाख कोटींचा आकडा गृहीत धरलेल्या तोट्याचा होता, तर सीबीआयने आरोपपत्रात ३०,९८४ कोटी धरले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले आणि विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपींना निर्दोष सोडलं. म्हणजे वाटपाची पद्धत बेकायदा ठरली, पण लाचेचा गुन्हा सिद्ध झाला नाही. 'घोटाळा' या एका शब्दाने दोन्ही झाकले गेले, म्हणून वाचक अजूनही विचारतो, 'घोटाळा झाला होता की नव्हता?'

खर्च, तोटा, गृहीत तोटा, जादा दिलेली रक्कम, अपहार. बातमीतला आकडा यातल्या कोणत्या खणातला आहे हे आकड्याच्या शेजारीच लिहावं, खालच्या परिच्छेदात नाही.

उपसंपादक_रात्रपाळी
'कथित'बद्दल कोणीच कसं बोललं नाही? 'कथित आरोप' हे रोजचं दुखणं. आरोप झालेलाच असतो, कथित असतो तो गैरव्यवहार. शिवाय 'कथित' लिहिलं की आपण सुटलो हा भ्रम आहे. फौजदारी बदनामी आता न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. नुसतं 'खरं होतं' म्हणून भागत नाही, खरं असून प्रसिद्धी लोकहितासाठी होती हेही दाखवावं लागतं. 'कथित'पेक्षा कोणी, कुठे, कोणत्या कागदात म्हटलंय हे लिहिणं कितीतरी भक्कम.

समोरच्याची बाजू घेण्याच्या तीन वाक्यांतही असाच गोंधळ. 'प्रतिक्रिया मिळू शकली नाही' म्हणजे गाठ पडली नाही. 'प्रतिसाद दिला नाही' म्हणजे प्रश्न पोचले, उत्तर आलं नाही. 'बोलण्यास नकार दिला' म्हणजे तोंडाने नाही म्हटलं. रात्री साडेनऊला एक मिस्ड कॉल देऊन 'प्रतिसाद दिला नाही' छापणं खोटेपणाच. प्रश्न लेखी पाठवावेत, प्रत्येक आरोप वेगळा मांडावा, उत्तराची मुदत लिहावी आणि पोच जपावी.

जुनी_टाचणी
लाचेच्या बातमीत जाता जाता: 'रंगेहाथ' मधला 'थ' हिंदीचा, मराठी हात तो हातच. खरी गफलत 'मागितली' आणि 'घेतली' यांत होते. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळ्याआधी मागणीची पडताळणी पंचांसमक्ष करतो. नोटा सापडल्या एवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात, थेट पुरावा नसेल तर परिस्थितिजन्य पुराव्याने. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये हेच सांगितलं. 'चिरीमिरी', 'चहापाणी', 'वरकमाई' हे शब्द मात्र बातमीतून हद्दपार करावेत. गुन्ह्याला लाडाचं नाव कशाला?

नस्तीवाला
माहिती अधिकाराचा अर्जही शब्दांवरच पडतो. 'रस्त्याच्या बिलांची माहिती द्या' असं लिहिलं की 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर ठेवलेलंच. कचेरीत त्या कागदांची नावं वेगळी आहेत: नस्ती (फाईल), तिच्यातल्या टिप्पण्या, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (कामाच्या मोजणीची वही), देयक (बिल), प्रमाणक (व्हाउचर). काम, वर्ष आणि कागदाचं नाव लिहा. 'का केलं' विचारू नका. कायद्यातली 'माहिती' म्हणजे नोंदीत असलेला मजकूर, अधिकाऱ्याने नव्याने द्यायची कारणं नव्हेत. तुम्हाला माहिती कशासाठी हवी हे मात्र तेही विचारू शकत नाहीत, कलम ६(२).

महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत, शुल्क १० रुपये. उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. तिथे खरा वेळ जातो, म्हणून प्रतींबरोबर 'अवलोकन', म्हणजे कागद कचेरीत जाऊन प्रत्यक्ष पाहणं, हेही मागावं. नस्ती समोर आली की पान क्रमांकांतली गाळलेली जागा लगेच दिसते. झेरॉक्सच्या गठ्ठ्यात ती हरवते. मोजमाप पुस्तिकेत मोजणीची तारीख काम सुरू होण्याच्या आधीची निघाली, तर तिथून पुढे बातमी.

मुद्रितशोधक
आतून माहिती देणाऱ्याला काय म्हणावं? 'खबरी' नको वाटतो.

जुनी_टाचणी
बरोबर, खबऱ्या पोलिसांचा, आणि बहुधा मोबदल्यावरचा. मराठीत 'जागल्या' रुळलाय आणि तो फार नेमका आहे: रात्री गावावर पहारा देणारा, चाहूल लागताच हाक देणारा. तो गावातलाच असतो, बाहेरचा नव्हे. पण 'सूत्र' आणि 'जागल्या' एक नाहीत. सूत्र म्हणजे बातमीदाराला माहिती देणारं कोणीही. जागल्या स्वतःच्या संस्थेतला गैरप्रकार उघड करतो आणि त्याची किंमत स्वतः मोजतो. २००२ मध्ये अभियंते सत्येंद्र दुबे यांनी महामार्गाच्या कामातली लबाडी पंतप्रधान कार्यालयाला कळवली, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली, तरी पत्र नावासकट फिरलं. पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, गयेत त्यांची हत्या झाली. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला.

उपसंपादक_रात्रपाळी
म्हणूनच 'विभागातील एका कनिष्ठ अभियंत्याने सांगितले' असं वर्णन लिहिताना त्या विभागात कनिष्ठ अभियंते किती हे आधी मोजावं. दोनच असतील तर नाव छापल्यासारखंच. कागदाच्या कोपऱ्यातला आवक क्रमांक आणि हाताने केलेल्या खुणाही छायाचित्र छापण्याआधी झाकाव्यात, कारण प्रत कोणाच्या टेबलावरून निघाली ते त्यावरून कळतं. प्रेस कौन्सिलपुढे स्रोत सांगण्याची सक्ती नाही, १९७८ च्या कायद्यातच तसं आहे. कोर्टापुढे तशी ढाल नाही.

मुद्रितशोधक
म्हणजे मथळा 'रस्त्यांच्या कामात अनियमितता. मोजमाप पुस्तिकेतील तारखा उघडकीस' असा हवा होता?

कोर्टबीट
तारखा खरंच पाहिल्या असतील तर. आणि पालिकेचा खुलासा आला की 'खुलासा' याच शब्दाखाली छापा.